मेघदूतांतील ‘दिङ्नाग’ : एका अनुमानाची परीक्षा

मेघदूताच्या पूर्वार्धांत मेघ रामगिरीवरून उत्तरेकडे निघतो, त्या ठिकाणीं ‘निचुल’ व ‘दिङ्नाग’ हे दोन शब्द एकाच श्लोकांत आले आहेत. सरळ अर्थ पाहतां पहिला शब्द एका वनस्पतीचा व दुसरा दिशांच्या हत्तींचा वाचक आहे. मल्लिनाथानें मात्र येथें दुसराही अर्थ ध्वनित मानिला. निचुल हा कालिदासाचा सहाध्यायी कवि व दिङ्नाग हा त्याच्या काव्यास दूषणें देणारा प्रतिपक्षी आचार्य, असें तो सांगतो. दक्षिणावर्तनाथाच्या टीकेंतही ही वार्ता आहे. पुढें या आचार्यास प्रमाणसमुच्चयकार बौद्ध नैयायिक ठरवून त्यावरून कालिदासाचा काळ बसविण्याची रीति पडली.

‘ज्ञान कशास म्हणावें’ याच प्रश्नावर ज्यानें आपली कीर्ति उभारली, त्याच्या नांवें पुढें केलेला पुरावा त्याच्याच कसोटीस लावून पाहणें न्याय्य होईल. प्रमाणसमुच्चयाचें मूळ संस्कृत लुप्त झालें व ग्रंथ तिबेटी भाषांतरांत राहिला. त्यावरील जिनेंद्रबुद्धीच्या टीकेचा संस्कृत प्रथमाध्याय २००५ सालीं छापून निघाल्यापासून दिङ्नागाचें म्हणणें पुष्कळच स्पष्ट झालें आहे. त्याच्या मतें प्रमाणें दोनच, प्रत्यक्ष व अनुमान. प्रत्यक्ष तें कीं जें ‘कल्पनापोढ’, म्हणजे नाम, जाति इत्यादींची जोड ज्यास लागलेली नाहीं. निळा रंग डोळ्यांस भासणें हें प्रत्यक्ष. ‘हें निळें आहे’ हा निश्चय बुद्धीची भर होय. नैयायिकांस हें मान्य नाहीं. इंद्रिय व अर्थ यांच्या संनिकर्षापासून होणाऱ्या ज्ञानांतच ते निश्चयाचाही समावेश करितात, आणि उद्द्योतकरानें न्यायवार्तिक लिहिलें तें मुख्यतः दिङ्नागादिकांच्या आक्षेपांच्या निरसनासाठींच. प्रस्तुत लेखकाचा कल या वादांत नैयायिकांकडे आहे. नामरहित शुद्ध दर्शनानें व्यवहार चालत नाहीं. तथापि जुने ग्रंथ वाचणारास दिङ्नागाचा हा भेद फार उपकारक आहे. पानावर दिसतात तीं अक्षरें. त्यांत एक बौद्ध पंडित दिसला, तर तो वाचणारानें जोडलेला असतो.

तेव्हां प्रत्यक्ष गेलें व अनुमान राहिलें. दिङ्नागानें सद्धेतूचीं तीन रूपें सांगितलीं आहेत : त्यानें पक्षांत असावें, सपक्षांत असावें व विपक्षांत मुळींच नसावें. धूर पर्वतावर आहे, स्वयंपाकघरांत आहे, सरोवरांत नाहीं. म्हणून तो अग्नीचा गमक. येथें प्रस्तुत श्लोक हा पक्ष, आचार्याचा निर्देश हें साध्य आणि ‘दिङ्नाग’ शब्द हा हेतु. परंतु दिशांचे हत्ती संस्कृत काव्यांत ठिकठिकाणीं येतात व तेथें आचार्याचा गंधही नसतो. तिसरें रूप ढळलें, हेतु व्यभिचारी ठरला. शिवाय मूळांत शब्द बहुवचनीं आहे. मल्लिनाथ तें आदरार्थी समजतो. ज्यास टोला मारावयाचा त्याचाच असा आदर कां करावा, हें त्यानें सांगितलें नाहीं. उपहास म्हणावा, तर तसेंही तो म्हणत नाहीं.

नैयायिकाच्या बाजूनें शब्दप्रमाण पुढें करितां येईल. पण त्यास आप्त वक्ता हवा, म्हणजे ज्यास ती गोष्ट ठाऊक आहे असा. मल्लिनाथ चौदाव्या-पंधराव्या शतकांतला. कालिदासापासून तो सुमारें सहस्र वर्षें दूर आहे व आधार देत नाहीं. ज्या वार्तेचा मूळ वक्ता अज्ञात, तिला शास्त्रांत ऐतिह्य म्हणतात, आणि तिचें ठरलेलें उदाहरण म्हणजे अमुक वडावर यक्ष राहतो अशी लोकवार्ता! मेघदूताच्या प्रसंगीं तें आठवून हंसूं येतें.

उलट पक्षाचा एक युक्तिवाद मात्र मला ग्राह्य वाटत नाहीं. दहाव्या शतकांतील काश्मीरी टीकाकार वल्लभदेव या श्लेषाविषयीं मूक आहे, म्हणून तो खोटा, असें म्हणतात. अनुपलब्धि प्रमाण होण्यास ती योग्य असावी लागते. वस्तु असती तर दिसलीच असती, अशी खात्री पाहिजे. वल्लभदेवाची टीका संक्षिप्त आहे. त्याच्या मौनानें संशय वाढतो, सिद्धि होत नाहीं.

काळाच्या बाबतींत तर गोंधळ अधिक. मालव संवत् ५२९ (इ. स. ४७३) च्या मंदसोर शिलालेखांत वत्सभट्टीनें कालिदासाचें अनुकरण केल्याचें पुष्कळ विद्वान मानितात. फ्राउवाल्नरनें दिङ्नागाचा काळ इ. स. ४८० ते ५४० च्या सुमारास धरिला. मेळ बसावा म्हणून कोणी दिङ्नागास वर ओढितो, कोणी कालिदासास खालीं. आणि दोघेही साक्ष काढितात ती याच श्लेषाची. यास अन्योन्याश्रय म्हणतात.

श्लेष सुटला म्हणजे कालिदासास द्वितीय चंद्रगुप्ताच्या काळीं, व त्यायोगें प्रभावतीगुप्तेच्या वाकाटक राज्याजवळ, ठेवण्यांतील एक अडचण दूर होते. नागपूरकरांस हें गोड वाटेल. रामगिरि म्हणजे रामटेक हें म. म. मिराशींचें मत सबळ आहे. प्रभावतीगुप्तेच्या ऋद्धपूर ताम्रपटांत रामगिरिस्वामीचा उल्लेख आहे. परंतु कवीनें येथें राहून काव्य रचिलें, हें निराळें अनुमान होय. त्याचा हेतु इतकाच कीं कवीस हा डोंगर ठाऊक होता. अलकानगरीचें वर्णन त्यानें याहून विस्तारानें केलें आहे, व तेथें त्याचें बिऱ्हाड होतें असें कोणी म्हणत नाहीं. रामटेकास १९९७ पासून कालिदासाच्या नांवाचें संस्कृत विश्वविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांनीं या दुसऱ्या अनुमानासही हींच तीन रूपें लावून पाहावीं.