'सर्व खेळ चालतात' म्हणजे काय?

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळायची यंत्रे आपल्याकडे आली, तेव्हा मुले त्यांच्या कार्ट्रिजला 'कॅसेट' म्हणत. शब्द तांत्रिकदृष्ट्या चुकीचा, पण त्यामागची समजूत स्पष्ट होती : खेळ कॅसेटमध्ये साठवलेला असतो, यंत्र तो फक्त वाजवते. जुन्या यंत्रांच्या हौशी लोकांसाठी आज जी फ्लॅश कार्ट्रिजे मिळतात, त्यांच्यामागेही हीच समजूत आहे. मेमरी कार्डावर हवे तेवढे खेळ भरायचे, कार्ट्रिज यंत्रात खोचायचे, की झाले. 'सर्व खेळ चालतात' हा दावा मात्र तपासून पाहण्याजोगा आहे.

उदाहरण घेऊ निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉमचे. हे यंत्र जपानमध्ये १९९० साली आले. त्याचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झ वेगाने चाले. त्रिमितीय दृश्यांसाठी लागणारे गुणाकार त्याला झेपण्यासारखे नव्हते. सगळे यंत्रच महाग करण्याऐवजी अभियंत्यांनी जादा गणनयंत्रणा कार्ट्रिजमध्ये बसवली. 'पायलटविंग्ज' (१९९०) आणि 'सुपर मारिओ कार्ट' (१९९२) यांत डीएसपी-१ ही चिप होती, 'स्टार फॉक्स'मध्ये (१९९३) सुपर एफएक्स, तर 'सुपर मारिओ आरपीजी'मध्ये (१९९६) एसए-१. ही शेवटची चिप मुख्य प्रोसेसरच्याच जातीची, पण सुमारे तिप्पट वेगवान! म्हणजे खेळ घेणारा नकळत यंत्राचाच एक तुकडा विकत घेत होता.

साध्या फ्लॅश कार्ट्रिजमध्ये असते केवळ स्मृती. 'स्टार फॉक्स'ची आज्ञावली तिच्यात तंतोतंत उतरवली, तरी ती ज्या चिपला काम सांगते ती चिपच तेथे नसते. 'स्टार ओशन' या खेळाबाबत एक पळवाट सापडली. त्यातील एस-डीडी१ चिप आवळून ठेवलेली चित्रे उलगडते. चित्रे आधीच उलगडून ठेवली आणि आज्ञावलीत थोडा बदल केला, की ६ मेगाबाइटचा खेळ १२ मेगाबाइटचा होतो, पण चिपवाचून चालतो. लॉगची कोष्टके वापरलेल्यांना ही देवघेव ओळखीची वाटेल : जागा द्या, आकडेमोड वाचवा. सुपर एफएक्सला मात्र हा उपाय लागू पडत नाही, कारण पुढचे चित्र खेळाडू कोठे वळतो यावर ठरते.

खरा उपाय केला तो एसडी२एसएनईएस या कार्ट्रिजने. त्यात एफपीजीए असते, म्हणजे अशी चिप की जिच्यातील तर्कद्वारांची जोडणी एका फाइलने ठरवता येते. फाइल बदलली की तीच चिप डीएसपी-१ सारखी किंवा सुपर एफएक्ससारखी वागू लागते. हे कार्ट्रिज घेतलेल्यांना सुपर एफएक्सची सोय कित्येक वर्षांनंतर केवळ नव्या फाइलमुळे मिळाली. या कामाचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

पण 'डीएसपी-१ सारखी' म्हणजे नेमकी कोणत्या डीएसपी-१ सारखी? या चिपच्या पुढच्या आवृत्तीत, डीएसपी-१बीमध्ये, गणितातील एक चूक सुधारली गेली. 'पायलटविंग्ज' सुरू करून नुसता ठेवला, तर आधी नोंदवलेल्या बटणांनुसार एक विमान आपोआप उतरून दाखवते. गंमत अशी, की सुधारलेल्या चिपसह हे विमान उतरताना कोसळते! ती नोंद चुकणाऱ्या चिपवर झाली होती. बटणे तीच राहिली, उत्तरे बदलली. येथे अचूक गणित करणारी प्रतिकृती नापास होते आणि मूळ चूक जपणारी पास होते.

म्हणूनच माझा आक्षेप कार्ट्रिजवर नाही, 'चालते' एवढ्या एका शब्दावर आहे. खेळांच्या याद्यांमध्ये नावापुढे नुसती बरोबरची खूण असते, गुण न देता 'उत्तीर्ण' लिहिलेल्या प्रगतिपुस्तकासारखी. खेळ सुरू झाला, पहिली पातळी पार झाली, एवढ्यावर ती खूण मिळाली असेल, तर विमानाची गोष्ट त्या यादीत कधीच येणार नाही. कारण ते पाहण्यासाठी खेळायचे नसते. काहीही न करता बसून राहायचे असते. चिपची कोणती आवृत्ती धरली आणि मूळ कार्ट्रिजशी तुलना कोठपर्यंत केली, असे दोन रकाने वाढवले तरी या याद्या कितीतरी उपयोगी होतील.