व्यायाम आणि कष्ट : शारीरिक हालचालींविषयीच्या विद्यापीठीय संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

शारीरिक हालचाली आणि आरोग्य यांचा परस्परसंबंध हा गेल्या सात दशकांत विद्यापीठीय संशोधनाचा एक प्रतिष्ठित विषय बनला आहे. वैद्यकशास्त्र, शारीरिक शिक्षण, समाजशास्त्र व संख्याशास्त्र अशा अनेक ज्ञानशाखा त्यात एकत्र येतात. या संशोधनाचे निष्कर्ष क्रमिक पुस्तकांत सर्वमान्य सत्य म्हणून उद्धृत केले जातात. मात्र ते कोणाच्या हालचाली मोजून काढले गेले, याची विचारणा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात या संशोधनातील काही प्रमुख अभ्यासांचा परामर्श घेतला असून, व्यायाम आणि कष्ट यांतील भेद पुसला गेल्यामुळे या ज्ञानाला कोणती मर्यादा पडते, हे तपासले आहे.

कामाकडून फुरसतीकडे

या ज्ञानशाखेचा आरंभ व्यायामशाळेत नव्हे, तर बसगाडीत झाला. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांच्या तुलनेत सतत जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. तथापि १९५६ मध्ये त्यांनीच गणवेशांच्या मापांची पाहणी केली, तेव्हा चालकांच्या विजारींचा कंबरेचा घेर मुळातच अधिक असल्याचे दिसले. म्हणजे हा फरक कामामुळे पडला, की निरनिराळ्या शरीरयष्टीची माणसे निरनिराळ्या कामांकडे वळली, हा प्रश्न उभा राहिला. स्वतःच्या निष्कर्षाविषयी असा प्रश्न उपस्थित करणे ही या संशोधनाची सर्वांत मोलाची परंपरा होय.

पुढे मॉरिस यांनी बैठे काम करणाऱ्या ब्रिटिश शासकीय कर्मचाऱ्यांच्या फुरसतीच्या व्यायामाकडे लक्ष वळवले. अमेरिकेत राल्फ पॅफेनबर्गर यांचा प्रवासही याच दिशेने झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांचा अभ्यास त्यांनी केला. पण त्यांची कीर्ती झाली ती हार्वर्ड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या अभ्यासामुळे. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ३५ ते ७४ वयोगटातील १६,९३६ पुरुषांची माहिती होती. आठवड्याला २,००० किंवा त्याहून अधिक किलोकॅलरी हालचालींत खर्च करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा पाव ते एक-तृतीयांशाने कमी आढळले. निष्कर्ष भक्कम असला, तरी ज्यांच्यावरून तो काढला ते सारे पुरुष होते आणि एका श्रीमंत राष्ट्रातील अतिप्रतिष्ठित विद्यापीठात शिकलेले होते, हे विसरता येत नाही. अन्न, विश्रांती आणि औषधोपचार यांची ज्यांना सहसा भ्रांत नसते, अशा वर्गाची फुरसत येथे मोजली गेली.

आयुष्यक्रमाचा धडा

या मर्यादेतही आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांविषयी जे हाती आले, ते शिक्षकांना अंतर्मुख करणारे आहे. विद्यार्थिदशेत नामांकित खेळाडू असणे एवढ्याने पुढील आयुष्यात संरक्षण मिळत नाही; पुढेही सक्रिय राहणाऱ्यासच लाभ होतो, असे पॅफेनबर्गर यांना आढळले. तारुण्यातील व्यायाम ही बँकेतील मुदतठेव नव्हे.

डॅलस येथे १९६६ मध्ये झालेला प्रयोग आणखी बोलका आहे. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर खिळवून ठेवण्यात आले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीन दशकांच्या वयोमानाने त्यांच्या शारीरिक कार्यक्षमतेचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून अधिक नुकसान त्या तीन आठवड्यांनी केले होते, असे दिसून आले. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाने त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता प्रशिक्षणापूर्वीच्या विशीतील पातळीवर परत आली. १९९० मध्ये मारिया फियाटारोन व सहकाऱ्यांनी बोस्टन येथील शुश्रूषागृहातील नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. पाच आणि दहा ही नमुनासंख्या तोकडी आहे, ही टीका रास्तच होय. तरीही 'आता या वयात काय व्हायचे' या समजाला या प्रयोगांनी दिलेला धक्का नाकारता येणार नाही.

पुणे परिसरातील उलटा पुरावा

आयुष्याचा आरंभबिंदू जन्माआधी आहे, हे लक्षात घेतले की चित्र पालटते. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' हा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. पुण्याचे के. ई. एम. रुग्णालय, आघारकर संशोधन संस्था आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठ येथील संशोधक त्यात सहभागी होते. या अभ्यासावर आधारित शोभा राव व सहकाऱ्यांच्या २००३ मधील निबंधात शेतकाम, घरकाम, पाणी भरणे अशा कामांची गर्भवतींकडून तपशीलवार नोंद घेण्यात आली. ज्या स्त्रियांची कष्टाची कामे अधिक, त्यांच्या बाळांचे जन्मवजन कमी, असा संबंध त्यात आढळला.

हार्वर्डच्या पदवीधराला आयुष्य देणारी हालचाल खेड्यातील गर्भवतीच्या बाळाचे वजन घटवते, यात वरकरणी विसंगती दिसते. मराठी भाषेने मात्र ती केव्हाच सोडवली आहे. व्यायाम हा स्वेच्छेने, पोटभर अन्नाच्या आधारावर आणि थांबण्याच्या मुभेसह केला जातो. कष्ट करावे लागतात. शास्त्रीय परिभाषेतील 'शारीरिक हालचाल' ही संज्ञा ऊर्जेचा व्यय मोजते, परिस्थिती मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत कामातील जोरकस हालचालीला आणि मैदानावरील जोरकस खेळाला आठ हाच गुणांक दिला जातो. डोक्यावर हंडे घेऊन चढण चढणारी स्त्री आणि टेनिस खेळणारा गृहस्थ या गणितात समान ठरतात.

याच प्रश्नावलीच्या आधारे महाराष्ट्रासह चार प्रदेशांतील १४,२२७ व्यक्तींची पाहणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालानुसार ५४.४ टक्के व्यक्ती निष्क्रिय होत्या आणि मनोरंजनासाठी हालचाल करणारे दहा टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे आपल्याकडे जे 'सक्रिय' गणले गेले, त्यांच्यातील बहुतेकांची सक्रियता कामातून व पायपिटीतून आलेली होती.

या भेदावर अभ्यासकांत अद्याप एकमत नाही. २०१८ मधील एका व्यापक समीक्षेत जड काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका १८ टक्क्यांनी अधिक आढळला. स्त्रियांत तसे आढळले नाही. उलट २०२१ मधील नॉर्वेच्या एका मोठ्या अभ्यासाने शिक्षण, उत्पन्न व धूम्रपान यांसारखे घटक विचारात घेतल्यावर हा धोका टिकत नाही, असे दर्शवले. कष्ट अपायकारक की कष्टाभोवतीचे दारिद्र्य अपायकारक, हा खरा वादविषय आहे. त्याचे उत्तर केवळ शरीरशास्त्र देऊ शकणार नाही. तेथे अर्थशास्त्र व समाजशास्त्राच्या अध्यापकांचाही सहभाग आवश्यक ठरतो.

समारोप

या विवेचनातून महाविद्यालयीन संशोधनासाठी काही दिशा सूचित होतात. सहा किंवा आठ आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन आधी व नंतर चाचणी घेण्याची रूढ पद्धत प्रशिक्षणाचा तात्कालिक परिणाम सांगते. आयुष्यक्रमाविषयी ती मौन बाळगते. याउलट प्रत्येक महाविद्यालयाजवळ माजी विद्यार्थ्यांची यादी असते. हार्वर्डच्या अभ्यासाचे मूळ भांडवलही तेच होते. कला शाखेतील विद्यार्थिनी, शेतावर राबून वर्गात येणारा विद्यार्थी आणि संघातील खेळाडू यांची दर पाच वर्षांनी संमतीपूर्वक नोंद ठेवली, तर वीस वर्षांत अनमोल सामग्री उभी राहील. मात्र त्या नोंदवहीत मिनिटे आणि किलोकॅलरी यांच्याबरोबर आणखी दोन रकाने असले पाहिजेत : ही हालचाल स्वेच्छेची होती काय, आणि त्यानंतर पुरेसे अन्न व विश्रांती मिळाली काय?

आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल करा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला बैठ्या प्राध्यापकासाठी योग्यच आहे. पहाटेपासून राबणाऱ्या मजूर स्त्रीची गरज मात्र अधिक हालचालीची नसून कमी ओझ्याची, दाराशी येणाऱ्या नळाची आणि गर्भारपणातील विश्रांतीची आहे. हा फरक जे संशोधन टिपू शकत नाही, त्याचे आकडे कितीही अचूक असले तरी त्यावर आधारलेला सल्ला अपुराच राहील.