नेत्रवैद्यक नियतकालिकाचा वार्षिक आढावा : संख्या आणि फलित

प्रस्तावना

वर्ष सरताना वैद्यकीय नियतकालिकाचा संपादक गतवर्षाचा आढावा घेतो आणि पुढील वाटचालीचे सूतोवाच करतो. किती शोधनिबंध आले, किती स्वीकारले गेले, परीक्षणास किती काळ लागला, प्रभावांक किती वाढला, हा या लेखनाचा नेहमीचा ऐवज होय. अखिल भारतीय नेत्रवैद्यक संघटनेचे १९५३ पासून निघणारे मुखपत्र, आजचे ‘इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’, समोर ठेवून या लेखनप्रकाराच्या मापदंडांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रभावांकाची मर्यादा

मागील दोन वर्षांतील लेखांचा चालू वर्षी सरासरी किती वेळा संदर्भ दिला गेला, एवढेच प्रभावांक सांगतो. त्या लेखाने एखाद्या रुग्णाची दृष्टी वाचली काय, हे तो सांगू शकत नाही. २०१५-१९ च्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील व्यक्तींमधील अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू हेच होते. मोतीबिंदूवरील शस्त्रक्रिया सर्वज्ञात आहे. ती गरजूंपर्यंत का पोहोचत नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचा शोध घेणारे जिल्हा पातळीवरील लेखन संदर्भांच्या स्पर्धेत मागे पडण्याचा संभव असतो. केवळ प्रभावांक वाढविणे हेच ध्येय ठरल्यास अशा लेखनाला जागा उरणार नाही.

एक लक्षणीय उदाहरण

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण झपाट्याने वाढले. त्या वेळी या नियतकालिकाच्या सहभागाने १०२ केंद्रांतील २,८२६ रुग्णांची माहिती संकलित झाली आणि त्याच वर्षी अहवाल प्रसिद्ध झाला. ७८ टक्के रुग्णांना मधुमेह होता, तर ८७ टक्क्यांना स्टिरॉइड दिले गेले होते. हा अभ्यास पूर्वलक्षी होता व रुग्णालयात आलेल्यांपुरताच मर्यादित होता. त्यामुळे समाजातील रोगाचे प्रमाण त्यावरून काढता येत नाही. तरीही विखुरलेले अनुभव एकत्र आणून ते वेळेवर वाचकांहाती देण्याचे कार्य नियतकालिक करू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. या कार्याचे मोल प्रभावांकाच्या आकड्यात मावणारे नाही.

भवितव्याचा विचार

भविष्यवेधात आज कृत्रिम बुद्धिमत्तेला अग्रस्थान मिळते. मधुमेही दृष्टिपटलविकार संगणकाने ओळखण्यासंबंधीचा २०१६ चा बहुचर्चित अभ्यास भारतीय रुग्णालयांतील प्रतिमांवरही आधारलेला होता. मात्र विकार ओळखल्यानंतर रुग्ण उपचारापर्यंत पोहोचला काय, हे विचारल्याविना असा भविष्यवेध अपुरा राहतो.

या बाबतीत नेत्रसेवेनेच मार्ग दाखविला आहे. पूर्वी किती शस्त्रक्रिया झाल्या याची मोजदाद होई. आता गरजूंपैकी किती जणांवर शस्त्रक्रिया होऊन त्यांना चांगली दृष्टी लाभली, हे मोजले जाते. या ‘परिणामकारक व्याप्ती’त २०३० पर्यंत ३० टक्के बिंदूंची वाढ करण्याचे लक्ष्य जागतिक आरोग्य सभेने २०२१ मध्ये स्वीकारले. जी शिस्त शस्त्रक्रियेला लागू झाली, ती तिच्याविषयीच्या लेखनालाही लागू व्हावयास हवी.

समारोप

वार्षिक आढाव्यात आकडे असावेत, याविषयी दुमत नाही. परंतु त्यांच्या जोडीने तीन प्रश्नांची उत्तरे यावीत : कोणत्या लेखामुळे उपचारपद्धती बदलली? महानगरांबाहेरील किती लेखकांना स्थान मिळाले? कोणता महत्त्वाचा विषय वर्षभर अस्पर्शित राहिला? शोधनिबंधांच्या संख्येवर गुणांकन होण्याचा अनुभव महाविद्यालयीन अध्यापकांनीही घेतला आहे. म्हणूनच हा प्रश्न केवळ नेत्रवैद्यकाचा नसून ज्ञाननिर्मितीच्या प्रयोजनाचा आहे. आपण किती छापले, यापेक्षा त्याने कोणाला काय दिसू लागले, हे सांगणारा आढावाच पुढील वर्षाची दिशा दाखवू शकेल.