ब्राउझरचा ठसा आणि एक्स्टेन्शनचा मुखवटा

कुकी पुसली की आपला माग संपला, अशी समजूत संगणकाच्या सुशिक्षित वापरकर्त्यांत दीर्घकाळ रूढ होती. तिचा फोलपणा पीटर एकर्सली यांच्या २०१० मधील निबंधाने आकडेवारीनिशी दाखविला. पडद्याचे आकारमान, फाँटांची यादी, कालविभाग असे वरकरणी निरुपद्रवी तपशील एकत्र केले असता त्यांतूनच ब्राउझर ओळखता येतो. तपासलेल्या ४,७०,१६१ ब्राउझरांपैकी ८३.६ टक्क्यांचा ठसा त्या संग्रहात एकमेव आढळला. कुकी वापरकर्त्याच्या यंत्रावर असते, म्हणून ती पुसता येते. ठशाची नोंद पाहणाऱ्याच्या दप्तरी राहते, म्हणून तिच्यावर वापरकर्त्याची सत्ता चालत नाही.

या निष्कर्षाच्या आधारे काही जण खाजगीपणा राखणाऱ्या एक्स्टेन्शनांची आवश्यकता प्रतिपादितात. ब्राउझरच आता सावध झाल्यामुळे ती कालबाह्य झाली, असे इतर काही म्हणतात. दोन्ही पक्षांत एकच उणीव आहे. वेष पालटणारी आणि वाट अडविणारी अशी दोन भिन्न स्वभावांची साधने ते एकाच नावाखाली मोजतात.

प्रथम वेष पालटणाऱ्या साधनांचा विचार करू. ठसा हा एकट्या ब्राउझरचा गुण नव्हे. तो ब्राउझर आणि त्याच्या भोवतालची गर्दी यांच्यातील संबंध होय. निम्म्या लोकांत आढळणारे लक्षण एकच बिट माहिती देते. १,०२४ जणांत एकाजवळ असणारे लक्षण दहा बिट देते. म्हणूनच २०१८ मध्ये गोमेझ-बॉइक्स आणि सहकाऱ्यांनी एका लोकप्रिय फ्रेंच संकेतस्थळावरील २०,६७,९४२ ठसे तपासले, तेव्हा एकमेव ठशांचे प्रमाण ३३.६ टक्केच भरले. एकर्सलींच्या नमुन्यात खाजगीपणाविषयी जागरूक अशा स्वेच्छेने आलेल्या लोकांचा भरणा होता, हे त्यांनीही मान्य केले होते. जो जागरूक तोच वेगळा दिसतो, हा विरोधाभास त्यांच्या निबंधातच नोंदविलेला आहे. आपण दुसराच ब्राउझर असल्याचे भासविणारी एक्स्टेन्शने सर्व तपशील सुसंगतपणे बदलीत नाहीत व त्यामुळे वापरकर्ता अधिकच उठून दिसतो, हे निकिफोराकिस व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखविले. मुखवटा घालणारा गर्दीत एकटाच असेल, तर मुखवटा हीच त्याची ओळख ठरते.

हे कार्य ब्राउझरच्या गाभ्यातच व्हावयास हवे. टॉर ब्राउझर आपल्या सर्व वापरकर्त्यांना शक्य तितके एकसारखे दाखवितो व वेगळी एक्स्टेन्शने न जोडण्याचा सल्ला देतो. ब्रेव्हने २०२० पासून ठशाच्या घटकांत प्रत्येक स्थळागणिक बदलणारी अल्पशी विकृती मिसळण्याचा मार्ग स्वीकारला. या मर्यादेत एक्स्टेन्शन-विरोधी मत ग्राह्य आहे.

वाट अडविणाऱ्या साधनांचे तसे नाही. युब्लॉक ओरिजिनसारखे एक्स्टेन्शन माग काढणाऱ्या परक्या सर्व्हरकडे जाणारी विनंतीच रोखते. जी विनंती पोहोचत नाही, तिच्यातून ठसा घेता येत नाही. मात्र हे साधन याद्यांवर अवलंबून असते. भेट दिलेल्या स्थळाने स्वतःच्याच पत्त्यावरून पाठविलेली स्क्रिप्ट पुष्कळदा निसटते. फायरफॉक्स जानेवारी २०२० पासून ज्ञात ठसेगिरांना मूळ स्थितीतच अडवितो. क्रोम सामान्य वापरात तसे करीत नाही. उलट गूगलने फेब्रुवारी २०२५ पासून आपल्या जाहिरात-ग्राहकांवरील ठसे घेण्याची बंदी सैल केली. या निर्णयास ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने डिसेंबर २०२४ मध्येच बेजबाबदार म्हटले होते. त्याच क्रोममध्ये एक्स्टेन्शनांच्या नव्या नियमावलीमुळे मूळ युब्लॉक ओरिजिन २०२५ मध्ये बंद पडले व त्याची मर्यादित शक्तीची लाइट आवृत्ती तेवढी उरली. गरज जेथे सर्वाधिक, तेथेच साधन दुबळे झाले.

या प्रश्नाची एक बाजू मराठी वाचकास विशेष लागू पडते. प्रत्येक विनंतीबरोबर ब्राउझर वाचकाच्या पसंतीच्या भाषांचा क्रम कळवितो. मराठीस अग्रस्थान देणारा वाचक मराठी वृत्तपत्राच्या स्थळावर अनेकांतील एक असतो. न्यूयॉर्कच्या स्थळावर तोच विरळा ठरतो. टॉर ब्राउझर इतर भाषिकांस इंग्रजी पानेच मागण्याचा पर्याय सुचवितो, तो याच कारणाने. संरक्षणाची ही रीत तर्कशुद्ध असली, तरी तिची किंमत सर्वांस सारखी नाही. इंग्रजी वाचक काहीही न सोडता गर्दीत मिसळतो. मराठी वाचकास त्यासाठी आपली भाषा दडवावी लागते. अडविणारे साधन ही किंमत मागत नाही, कारण रोखलेल्या त्रयस्थाला भाषेचा तो क्रमही कळत नाही.

तेव्हा एक्स्टेन्शन हवे की नको, हा प्रश्नच सदोष होय. वेष पालटणारे एक्स्टेन्शन बहुधा अपायकारक आहे. अडविणारे एक्स्टेन्शन, ब्राउझर स्वतः ते काम करीत नाही तोवर, आवश्यक आहे. सर्वांनी एकसारखे दिसावे हा आदर्श मानणाऱ्या अभ्यासकाने ते सारखेपण कोणाच्या मापाने बेतले आहे, हेही तपासले पाहिजे.