सोवळ्याचा धाक आणि लक्ष्मीबाई

‘स्मृतिचित्रे’वरील चर्चा बहुधा विनोदापाशी थांबते. मला त्या विनोदाखाली भय दिसते. १८५७च्या बंडापायी आजोबा फाशी गेले आणि वडिलांच्या मनात सोवळ्याचे वेड शिरले. लक्ष्मीबाई त्या धाकातच वाढल्या. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांना ख्रिस्तापेक्षा विटाळाचीच धास्ती अधिक असावी. पुढे संसार पुन्हा जुळला, तेव्हा टिळकांनी त्यांना सोवळे पाळू दिले, घाई केली नाही. (रागीट टिळकांचा हा संयम समीक्षकांनी फारसा जोखलेला नाही.) लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९००चा; पण कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय त्याआधीचा, राहुरीतला, स्वतःच्या विचाराने केलेला. वडिलांच्या धुण्या-विसळण्याच्या हकिगती त्या इतक्या मोकळेपणी हसत लिहू शकल्या, त्या यानंतरच.