पश्चात्तापाची नोंद कशी वाचायची? 'अरुणोदय' आणि 'स्मृतिचित्रे'

पीएचडीची तयारी करणाऱ्यांचा एक प्रश्न नेहमी असतो : आत्मचरित्र पुरावा म्हणून धरायचं का? मी रसायनशास्त्राचा, म्हणजे खरं तर यात पडायलाच नको. पण युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 पासून 1983 पर्यंत आमच्या यवतमाळात होती, मग पुण्याला गेली. लहानपणी नुसतं नाव ऐकलेलं. तिथे नेमकं काय शिकवत असतील, या कुतूहलातून मराठी ख्रिस्ती पुस्तकं वाचायला लागलो आणि बाबा पदमनजींच्या 'अरुणोदय'पाशी अडकलो.

बाबांचा बाप्तिस्मा 1854 चा, पुस्तक 1888 चं. मध्ये 34 वर्षं. शेवट आधीच ठाऊक असलेला माणूस सुरुवात लिहितोय. बालपणीचे देवधर्म, मिशनची शाळा, जातिभेद न मानणाऱ्यांची गुप्त परमहंस सभा, सगळं त्या एका पहाटेकडे सरकतं. शीर्षकातच निष्कर्ष आहे! आपण आलेख काढताना आधी रेघ ओढली आणि मग बिंदू बसवले तर परीक्षक काय म्हणतील, ते तुम्हाला माहीत आहे.

मग लगेच म्हणाल, लिहायला उशीर झाला म्हणून पुरावा कच्चा. थांबा. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 चा, आणि नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 चा. म्हणजे अंतर आणखी जास्त, 39 वर्षं. तरी ते पुस्तक जास्त भरवशाचं वाटतं. का?

प्रयोगाच्या वहीचा नियम आठवा. चुकलेली नोंद रबरने पुसायची नाही, एका रेघेने कापायची. खालचं वाचता आलं पाहिजे. लक्ष्मीबाई तसं करतात. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हाचा त्यांचा आकांत, राग, सोवळंओवळं, त्या ते जसंच्या तसं ठेवतात. नंतर स्वतः 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणून आधीच्या लक्ष्मीला शहाणी करत नाहीत. उलट तिच्यावर हसतात, आणि आपल्यालाही हसवतात. त्यांचं मन आधी बदलतं ते शिवाशिवीबद्दल, म्हणजे कुणाच्या हातचं खायचं-प्यायचं याबद्दल. श्रद्धा मागून येते. हा क्रम कुठल्याही प्रवचनाला सोयीचा नाही. म्हणूनच मला तो खरा वाटतो.

इथे शब्दाकडेही बघा. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया', म्हणजे मन बदलणं. मराठीत तो 'पश्चात्ताप' झाला, आणि त्यात ताप आला, मागाहून जळणं आलं. बाबांच्या पुस्तकात हा ताप भरपूर आहे. पण त्यांच्यावर अन्याय नको. पटलेलं आहे, तरी घर आणि जात सुटेल म्हणून पाऊल उचलत नाही, हे रेंगाळणं त्यांनी लपवलेलं नाही. अनंतकाळासाठी तयार असणं म्हणजे काय, ते मला त्या पानांत कळलं, उपदेशाच्या पानांत नाही. माणसाला उत्तर माहीत असतं आणि तो तारीख पुढे ढकलत राहतो. ('यमुनापर्यटन' 1857 चं. विधवांच्या स्थितीचं निरूपण म्हणून ते आजही कामाचं. कथेचा शेवट मात्र पहिल्यापासून ठरलेला.)

तर 'अरुणोदय' पुरावा म्हणून टाकू नका. बाप्तिस्म्याचं कारण त्यातून काढायला गेलात तर 1888 चे बाबा बोलतील. उशीर का झाला हे शोधलंत, तर 1854 च्या आधीचा तरुण अधूनमधून सापडेल.

हे सगळं सुचलं त्याला कारण आहे. माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात चुकीचं द्रावण वापरून घालवलेले चार महिने मी सफाईने गाळले होते. वाचताना असं वाटत होतं की बरोबर पद्धत मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. काल ती दोन पानं परत घातली. गाईड सोमवारी बघणार आहेत.