‘मले’ चुकलं की सिनेमा चुकला

यवतमाळच्या पानठेल्यावर सिनेमाचा निकाल दीड वाक्यात लागतो. एक वाक्य ठरलेलं: ‘भारी आहे’ नाहीतर ‘टाइमपास’. उरलेलं अर्धं मात्र कान देऊन ऐकावं असं असतं: ‘पण पराटी (म्हणजे कपाशी) अशी नसते, राजेहो.’ वर्तमानपत्रातल्या परीक्षणात कथा, अभिनय, छायाचित्रण असे रकाने असतात. इथल्या प्रेक्षकाचे रकाने वेगळे आहेत. बोली खरी आहे का, वावर खरं आहे का आणि भीती खरी आहे का, एवढंच तो विचारतो.

बोलीपासून सुरुवात करू. मराठी मालिकांनी गाव म्हणून बराच काळ कोल्हापूर-सातारा दाखवलं. ‘तुझ्यात जीव रंगला’ काय किंवा ‘लागिरं झालं जी’ काय, त्यांतली रांगडी भाषा ही इथल्या घरांत तशी पाहुणीच. वऱ्हाडी आली ती बहुधा हसवायला. भारत गणेशपुरे यांनी ‘चला हवा येऊ द्या’मधून ती घरोघरी पोचवली, आणि ती खरी होती म्हणून लोकांनी उचलूनही धरली. पण विनोदाच्या दारातून आलेल्या बोलीला बैठकीत जागा मिळायला वेळ लागतो. २०१६ साली सुरू झालेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’ने नागपूरकडची राधिका थेट नायिका केली. पुढे हीच राधिका मसाले विकता विकता ३०० कोटींच्या कंपनीची मालकीण झाली. राज्यभर त्यावर विनोद झाले. इथल्या प्रेक्षकाला ते ३०० कोटी फारसे खुपले नाहीत. मालिका म्हटल्यावर तेवढं चालायचंच. त्याला खुपतं ते वेगळंच. नट ‘मले’, ‘काहून’ अशी दोनचार बुजगावणी वाक्यात उभी करतो आणि ‘हाय’च्या जागी ‘आहे’ म्हणून पुण्याला परततो. अशक्य गोष्ट माफ होते, खोटा हेल होत नाही. मला ही कसोटी हट्टाची वाटत नाही. पात्र कुठल्या मातीतलं आहे याचा पहिला पुरावा तोंडातून निघणारा शब्दच असतो.

वावराची आणि भीतीची कसोटी ‘शेरनी’ला एकदमच लागली. अमित मसूरकर यांचा हा चित्रपट २०२१ मध्ये आला. त्याची प्रेरणा पांढरकवडा-राळेगाव भागातली टी-१ वाघीण असल्याचं मानलं जातं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली, तोवर १३ माणसांचे बळी तिच्या नावावर लावले गेले होते. शहरांतल्या प्राणिप्रेमींसाठी ती ‘अवनी’, वनखात्यासाठी टी-१ आणि गावांसाठी नुसती ‘वाघीण’. चित्रपट यातल्या दुसऱ्या नावाच्या बाजूने, म्हणजे वनअधिकारी बाईंच्या डोळ्यांनी पाहतो. जंगलखात्याचा कारभार, पुढाऱ्यांची चढाओढ आणि शिकाऱ्याचा माज त्याने नेमका पकडला आहे. गावातल्या बाईचं जंगलाचं ज्ञानही त्याने मानलं आहे. पण वेचणीच्या दिवसांत वावरात वाकलेल्या बाईला पाठीमागे काय वाटतं, रात्रीची वीज आली म्हणून ओलिताला निघालेला माणूस किती वेळा वळून बघतो, ते तिथे ओझरतंच येतं. शहरातल्या समीक्षकाला संयत वाटणारा चित्रपट राळेगावच्या माणसाला अर्धा वाटला, तर दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

शेतकरी आत्महत्येवरच्या चित्रपटांपाशी मात्र हाच प्रेक्षक अडखळतो. आमचं दाखवत नाहीत अशी तक्रार करणाराच, दाखवलं की ‘ते त रोजच पायतो’ म्हणून उठतो. यात विसंगती आहे, पण दांभिकपणा नाही. कॅमेरे घेऊन आलेल्या गाड्या या जिल्ह्याने पुष्कळ पाहिल्यात. ‘पीपली लाइव्ह’मधला वाहिन्यांचा तमाशा इथे समजावून सांगावा लागत नाही. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) मला म्हणूनच वेगळा वाटतो. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर त्यातली शेतकऱ्याची बायको अलका धास्तावते आणि नवऱ्यावर पाळत ठेवायला पोराला नि सासूला मागे लावते. त्या पाळतीतून हसू फुटतं आणि त्याच हसण्यात धाकधूकही असते. नावातच इथली शिवी आहे. दुःख रोजचं असलं तरी ते असं हसत पाहणं रोजचं नसतं.

या मतांची उणीवही सांगायला हवी. जवळच्या चित्रपटाला बारीक चाळणी लावणारा प्रेक्षक मुंबईच्या दिवाणखान्यातलं सगळं खरं मानून चालतो. शिवाय त्याची मतं पानठेल्यावरच विरतात. ती बनवणाऱ्यापर्यंत क्वचितच पोचतात.

पण एकदा पोचली, तीही थेट रंगमंचावर. हरीश इथापे यांच्या ‘तेरवं’ या नाटकात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नीच रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांपैकीच एक वैशाली येडे. जानेवारी २०१९ मध्ये साहित्य संमेलन यवतमाळला आलं. उद्घाटनाला बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्याने वाद पेटला आणि उद्घाटन झालं वैशालीताईंच्या हस्ते. ‘असं नसते’ एवढंच म्हणायची सवय असलेल्या जिल्ह्यातली एक बाई ‘असं असते’ हे दाखवून आधीच मोकळी झाली होती.